जाड बूट घातलेली अक्षरं

घरात एखादी जाडजूड इंग्रजी डिक्शनरी असेल तर आधी ती घेऊन या. नसेल तर शाळेच्या ग्रंथालयातली चालेल. ताईला किंवा दादाला घड्याळ घेऊन शेजारी बसवा आणि 'एलिफंट' हा शब्द शोधा. हं, चला! पान उलटलं, थोडं पुढे गेलात, पुन्हा मागे आलात, बोट खाली सरकलं... सापडला! किती सेकंद लागले? दहा? पंधरा?

आता तेच पान नीट बघा. बारीक अक्षरांच्या मुंग्या नुसत्या! एकेका पानावर शेकडो शब्द आहेत. तुम्ही ते सगळे वाचलेत? छे! तुमची नजर फक्त कडेच्या ठळक शब्दांवर पाय देत खाली उतरली. ओढा ओलांडताना दगडांवरून उड्या मारत जातो ना, तशी. मधलं पाणी तुम्ही पाहिलंसुद्धा नाही.

हे दगड ओढ्यात कुणी टाकले, त्याची ही गोष्ट.

पण त्याआधी डोळ्याची एक गंमत बघू या. एक हात सरळ समोर ताणा, अंगठा उभा धरा आणि त्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला एका वेळी अगदी लख्ख दिसतं ते साधारण तेवढ्याच जागेतलं! बाकी सगळं थोडंफार धूसर असतं. खोटं वाटतंय? मग या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा, अजिबात हलवू नका, आणि पाच ओळी खालचा शब्द वाचून दाखवा. नाही जमत! तिथे काहीतरी काळं काळं आहे, एवढंच कळतं. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध एक इवलासा खळगा असतो. बारकावे टिपणाऱ्या पेशींची खरी दाटी तिथेच. कडेकडेला ती विरळ होत जाते. म्हणून वाचताना डोळा ओळीवरून घसरगुंडीसारखा घसरत नाही. तो टुणकन उडी मारतो, क्षणभर थांबतो, परत उडी मारतो.

मग पुढची उडी कुठे मारायची हे त्याला कसं कळतं? कडेच्या धूसर नजरेला अक्षर ओळखता येत नाही, पण काळा डाग ओळखता येतो. साध्या छापील ओळी लांबून राखाडी पट्ट्यांसारख्या दिसतात. त्यात एखादा शब्द जास्त काळा असला, की कडेच्या नजरेला तो लगेच टोचतो आणि डोळा तिकडे उडी घेतो. ठळक अक्षराचं सगळं सामर्थ्य हेच. ते वाचण्याच्या आधीच दिसतं!

आता चला लंडनला. काळ दोनशे वर्षांपूर्वीचा.

तेव्हाचं लंडन म्हणजे जाहिरातींचं जंगल होतं. भिंतीभिंतींवर कागद चिकटवलेले. कुणाची लॉटरी, कुणाचं नाटक. प्रत्येकाला शेजारच्या कागदापेक्षा मोठ्यानं ओरडायचं होतं. मग अक्षरं फुगायला लागली. उभ्या रेषा भल्यामोठ्या जाड आणि आडव्या रेषा केसासारख्या बारीक, अशी अक्षरं निघाली. छापखानेवाले त्यांना 'फॅट फेस' म्हणायचे, म्हणजे गलेलठ्ठ अक्षरं. भिंतीवर ती झकास दिसत. पण पुस्तकाच्या ओळीत बसवली की पंगतीत हत्ती आणून बसवल्यासारखं व्हायचं. त्यामुळे पुस्तकातला एखादा शब्द उठून दिसावा असं वाटलं, तर छापणारे तो तिरप्या अक्षरांत छापत, नाहीतर सगळी कॅपिटल अक्षरं वापरत. तिरपं अक्षर वाचताना वेगळं वाटतं खरं, पण ते शेजाऱ्यांपेक्षा काळं नसतं. कडेच्या नजरेला ते टोचतच नाही.

लंडनच्या फॅन स्ट्रीटवर अक्षरं ओतून विकणारा एक कारखाना होता, टाइप फाउंड्री. रॉबर्ट बेस्ली तिथे भागीदार होते. आणि बेंजामिन फॉक्स हे अक्षरं कोरणारे कारागीर. १८४५ मध्ये या कारखान्यातून एक नवं अक्षर बाहेर पडलं. त्याचं नाव 'क्लॅरेंडन'. जाडजूड, पण समंजस! साध्या अक्षरांच्या ओळीत शेजारी शेजारी बसेल आणि तरी चटकन दिसेल, असं मुद्दाम घडवलेलं.

ते दिसतं कसं, सांगते. इंग्रजी कॅपिटल 'आय' डोळ्यांपुढे आणा. नुसता उभा दांडा नव्हे. वर आणि खाली आडव्या पट्ट्या असलेला. अक्षराच्या टोकांना असलेल्या या छोट्या पट्ट्यांना म्हणतात सेरिफ. मी त्यांना अक्षराचे बूट म्हणते. टाइम्स न्यू रोमन हे अक्षर तुम्ही संगणकावर पाहिलं असेल. १९३२ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स' या वर्तमानपत्रासाठी ते तयार झालं. त्याचे बूट बारीक, टोकदार, नाजूक. क्लॅरेंडनचे बूट मात्र पावसाळ्यात शेतात जाताना घालतात तसे जाड, बोथट टोकांचे. आणि पाय जिथे बुटात शिरतो तिथे काटकोनाचा कोपरा नाही. छान गोलाई आहे, झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना पसरत जातो तशी. म्हणून हे अक्षर जड असूनही दणकट आणि प्रेमळ दिसतं. छोट्या 'ए'च्या आणि 'सी'च्या टोकाला बघा, एकेक गोल गोटी लोंबत असते. आणि कॅपिटल 'आर'! त्याचा पाय खाली आला की शेवटी शेपटीसारखा वर वळतो. मला सगळ्यात आवडतो तो हा 'आर'.

आता तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? साधं अक्षर घ्यायचं आणि चहूबाजूंनी जाड करायचं, झालं ठळक!

करून बघा बरं. बारीक पेननं एक सेंटिमीटर उंचीचा 'ब' काढा. शेजारी तेवढ्याच उंचीचा 'व', 'प' आणि 'ष'. आता खोक्यांवर नावं टाकायला वापरतात तो जाडा मार्कर घ्या आणि तीच चार अक्षरं तेवढ्याच उंचीची काढा. काय झालं? 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बुडाली! 'ब' आणि 'व' जुळे भाऊ झाले. 'ष' आणि 'प' ओळखू येईनात. उंची तेवढीच आणि शाई मात्र जास्त, मग ती शाई जाणार कुठे? अक्षराच्या पोटात. आणि पोट भरलं की अक्षर मेलं, कारण 'ब' आणि 'व' यांतला फरक पोटातच तर आहे. इंग्रजी छोट्या 'ई'चंही तसंच. त्याचा वरचा इवलासा डोळा बुजला, की तो 'सी' आहे की 'ओ', काही कळत नाही.

म्हणून चांगलं ठळक अक्षर काढणाऱ्याचं लक्ष काळ्यापेक्षा पांढऱ्यावर जास्त असतं. तो अक्षर थोडं रुंद करतो, म्हणजे पोटाला जागा मिळते. जिथे दोन रेषा भेटतात तिथे एक रेघ हळूच बारीक करतो, म्हणजे कोपऱ्यात शाईचा गोळा होत नाही. क्लॅरेंडन काढताना हेच केलं होतं. त्याची अक्षरं ऐसपैस रुंद आहेत, आडव्या रेषा फॅट फेससारख्या केसाएवढ्या नाहीत, आणि पोटं मोकळी आहेत.

आणि आता या गोष्टीतला माझा सगळ्यात लाडका भाग. संगणक तर नव्हताच, मग त्या काळी अक्षर घडवायचे कसे? पोलादाची बोटाएवढी कांडी घ्यायची. तिच्या टोकावर अक्षर कोरायचं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. किती मोठं? तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या अक्षराएवढं! 'ई'च्या डोळ्यातली जागा कोरायची तर ती ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. तिथे कानस शिरणार कशी? तेव्हा कारागीर एक युक्ती करत. आधी ते दुसरी कांडी घेत आणि तिच्या टोकावर अक्षराच्या पोटाचा आकार घडवत. म्हणजे फक्त पोकळीचा! ती कांडी तापवून, पाण्यात बुडवून कडक करत. मग ती पहिल्या कांडीवर ठेवून हातोडीचा ठोका. झाली पोकळी तयार! त्यानंतर भोवतालचं पोलाद कानशीनं घासत घासत अक्षराच्या बाहेरच्या कडा काढत. म्हणजे पाहा हं, आधी जन्माला यायचं अक्षरातलं पांढरं आणि मग त्याच्याभोवती काळं!

मधूनमधून अक्षर कसं दिसतंय ते बघायला कारागीर ती कांडी मेणबत्तीच्या ज्योतीत धरत. टोकावर काजळी जमे. ती कागदावर टेकवली की काळंभोर अक्षर उमटे. काही कमीजास्त वाटलं, की परत कानस. शेवटी ही कांडीही कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकत. तांब्यात अक्षराचा खड्डा पडे. तो झाला साचा. त्यात शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला, की थंड होऊन छापायचं धातूचं अक्षर, म्हणजे खिळा, बाहेर येई. नुसतं शिसं फार मऊ असतं, छापता छापता दबून जाईल. अँटिमनीमुळे ते कडक होतं. एका साच्यातून वाटेल तेवढे खिळे ओता!

हे अक्षर इतकं मेहनतीचं, म्हणून बेस्लींच्या कारखान्यानं ते सरकारदरबारी नोंदवलं. इंग्लंडमध्ये १८४२ साली नक्षी आणि आकृत्यांच्या रक्षणासाठी कायदा झाला होता. त्याप्रमाणे तीन वर्षं दुसऱ्या कुणी ते अक्षर बनवायचं नाही, असं ठरलं. तीन वर्षं कशीबशी संपली, आणि बाकीच्या कारखान्यांनी क्लॅरेंडनच्या नकला धडाधड काढल्या! कारागिराच्या बाजूनं विचार केला तर मला याचं वाईट वाटतं. पण या नकलांमुळेच हे अक्षर जगभर पोचलं, हेही खरं. इंग्लंडच्या छापखान्यांत तर 'क्लॅरेंडन' म्हणजे कुठलंही ठळक अक्षर, असा अर्थच होऊन बसला. रॉबर्ट बेस्ली पुढे १८६९ मध्ये लंडनचे लॉर्ड मेयर झाले. अक्षरं विकणारा माणूस शहराचा मेयर!

आता परत डिक्शनरीकडे या. ऑक्सफर्डचा तो प्रसिद्ध भलामोठा इंग्रजी शब्दकोश आहे ना, जेम्स मरे यांनी संपादित केलेला, त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. त्यातले मुख्य शब्द क्लॅरेंडन जातीच्या अक्षरांत छापले. अर्थ साध्या अक्षरांत, उदाहरणं आणखी बारीक. ओढा आणि त्यातले दगड! शब्दकोश ही ठळक अक्षराची सगळ्यात योग्य जागा, असं मला मनापासून वाटतं. तिथे ते मिरवत नाही. नजरेला हात देऊन पुढे नेतं.

जाता जाता एक सांगते. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईत छापली गेली. त्यात मराठी शब्द देवनागरीत आणि अर्थ इंग्रजीत. लिपीच वेगळी, त्यामुळे इंग्रजीच्या ओळींमधून शिरोरेषा असलेले शब्द आपोआप वर येतात!

क्लॅरेंडन समुद्रापार अमेरिकेतही गेलं आणि तिथे त्यानं भलतंच रूप घेतलं. अमेरिकेतल्या सर्कसवाल्यांना, नाटकवाल्यांना हवी होती हातभर उंचीची अक्षरं. एवढे मोठे खिळे शिशाचे केले तर उचलणार कोण? शिवाय ओतलेला धातू सगळीकडे सारखा थंड होत नाही, त्यामुळे अक्षराचा माथा सपाट राहत नाही. मग लाकूड कामाला आलं, तेही क्लॅरेंडनच्या आधीपासूनच. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये लाकडी अक्षरं झपाट्यानं कोरायचं यंत्र बनवलं. झाडाचा ओंडका आडवा कापला की वर जो गोल चेहरा दिसतो, त्यावर अक्षर कोरत. लाकडाचे तंतू तिथे उभे असतात, त्यामुळे दाब पडला तरी ते चेपत नाहीत. मेपलचं लाकूड यासाठी उत्तम. लाकडात क्लॅरेंडन कोरताना कुणाच्या तरी मनात आलं, की बूट आणखी जाड करू. इतके जाड, की पायापेक्षा बूटच मोठे! या प्रकाराला म्हणतात फ्रेंच क्लॅरेंडन. सिनेमात काउबॉयच्या गावात 'हा माणूस पकडून द्या' असं लिहिलेला कागद चिकटवलेला असतो ना? त्यावरची ती अक्षरं आठवा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या टू रिव्हर्स या गावी या लाकडी अक्षरांचं एक मोठं संग्रहालय आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवर पुढे कितीतरी वर्षं तपकिरी पाट्यांवर क्लॅरेंडनचीच अक्षरं असत. डोंगर, झाडं, आणि मध्ये ती दणकट पाटी. तिथे अगदी सडपातळ, नाजूक अक्षर असतं तर ते शोभलं नसतं. 'सोनी' कंपनीचं नावही आठवून बघा. त्या अक्षरांचे बूटसुद्धा याच घराण्यातले.

पाटी, मथळा, पुस्तकाचं नाव, शब्दकोशातला शब्द, ही ठळक अक्षराची आवडती घरं. अख्खं पान मात्र त्याला देऊ नका. संगणकावर एक परिच्छेद टाइप करा आणि सगळाच्या सगळा ठळक करा. दोन मिनिटांत डोळे शिणतील. सगळा ओढा दगडांनी भरला, तर उडी मारायची कशावर? एकच शब्द ठळक ठेवून बाकी साधे करा, आणि मग बघा तो शब्द कसा पुढे येतो.

आपल्याकडच्या लग्नपत्रिका आठवतात? वर गणपती, खाली आजीआजोबांपासून सगळ्यांची नावं साध्या अक्षरात आणि मधोमध जाड टाइपात 'चि.' आणि 'चि. सौ. कां.'! पत्रिका हातात आली की आधी नवरानवरीच दिसतात. लहानपणी आमच्या गावातल्या छापखान्यात मी तासन्‌तास उभी राहायची. जुळारीकाका खिळे उचलून ओळ जुळवायचे, हात इतका भरभर चालायचा की खिळा कुठल्या कप्प्यातून आला हे कळायचंच नाही. त्यांच्याकडे जाड टाइप अगदी मोजका होता. 'का हो?' म्हटल्यावर ते म्हणाले, 'बाळ, इंग्रजीला कॅपिटल आणि छोटी मिळून बावन्न अक्षरं. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. जाड टाइप घ्यायचा म्हणजे ते सगळे पुन्हा घ्यायचे!' मग त्यांनी एक जाडा 'श्री' माझ्या तळहातावर ठेवला. केवढा जड होता! आणि उलटा.

देवनागरीसाठी एवढी शेकडो अक्षरं कोरणं सोपं नव्हतं. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि तिथल्या देवनागरी अक्षरांचं देशभर नाव झालं. त्यांच्याबरोबर राणोजी रावजी आरू हे अक्षरं कोरणारे कसबी कारागीर होते. इकडे राणोजी, तिकडे बेंजामिन फॉक्स. दोघांच्याही हातात पोलादाची कांडी आणि कानस.

एक गोष्ट राहिलीच. हे बूट मुळात आले कुठून?

रोममध्ये सम्राट ट्राजनचा एक उंच स्तंभ आहे, इसवी सन ११३ मधला. त्याच्या पायथ्याशी दगडात कोरलेली अक्षरं आजही आहेत, आणि त्यांना सेरिफ आहेत. पूर्वी लोकांना वाटायचं, की छिन्नीनं रेघेचं टोक नीट कापता यावं म्हणून पाथरवटानं ते काढले असतील. पण अमेरिकेतले एडवर्ड कॅटिच नावाचे धर्मगुरू म्हणाले, नाही! ते धर्मगुरू होण्याआधी पाट्या रंगवायचं काम करायचे. त्यांनी ती अक्षरं जवळून पाहिली, हात फिरवून पाहिला, आणि त्यांच्या पेंटरच्या हाताला ओळख पटली. ही वळणं तर चपट्या ब्रशची! आधी ब्रशनं अक्षर रंगवलं आणि मग त्या रंगावरून छिन्नी चालवली. ब्रश टेकवताना आणि उचलताना होणारी हालचाल म्हणजे सेरिफ. १९६८ मध्ये त्यांनी यावर एक पुस्तकच लिहिलं.

मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवर हातानं रंगवलेल्या पाट्या असतात. त्याही चपट्या ब्रशच्याच. त्यांच्यावरून 'यात्रा वन' नावाचा एक देवनागरी फाँट तयार झालाय. संगणकावर तो मोफत मिळतो. त्यातल्या कान्याचं आणि मात्रेचं टोक मोठं करून बघा, ब्रशचा तिरका काप तिथे दिसेल.

तुम्हाला करून बघायचंय? भिंती रंगवायचा दोन बोटं रुंदीचा चपटा ब्रश घ्या. रंग नको, वाटीभर पाणी पुरे. गच्चीवरची कोरडी फरशी म्हणजे आपला कागद. ब्रश टेकवा, डावीकडून उजवीकडे जरासाच सरकवा, मग सरळ खाली ओढा, आणि उचलायच्या आधी परत जरासा बाजूला सरकवा. बघा, बूट घातलेला 'आय' तयार! आता 'आर' काढा, शेपटी वर वळवायला विसरू नका. उन्हात तो पटकन वाळतो, तेव्हा ज्याला दाखवायचाय त्याला आधीच गच्चीवर बोलावून ठेवा.